बारा आणे दम

लातूरच्या एका छातीच्या दवाखान्यात मी गेली अकरा वर्षं लोकांचा दम मोजते. शिक्षण फिजिओथेरपीचं, माहेर नांदेडचं. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की माझी आई अजूनही सांगते, "लोकांना पळवते." हे खोटं आहे. मी लोकांना चालवते. पळायला आमच्याकडे सक्त मनाई आहे.

फुंकायचं मशीन सोपं असतं. पेशंट नळीत जीव खाऊन फुंकतो आणि कागदावर एक वळण उमटतं. छातीत किती हवा मावते, किती वेगानं बाहेर येते, ते सगळं त्यात दिसतं. पण हवा किती आणि माणसाला दम किती वाटतो, या दोन गोष्टींचा मेळ बसेलच असं नाही. वाटणं मोजायचं तर माणसालाच विचारावं लागतं. आणि विचारलं की माणूस उत्तर देतो. सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

नोकरी लागली तेव्हा डॉक्टरांनी माझ्या हातात एक छापील फॉर्म दिला होता. त्यात दमाच्या पाच पायऱ्या, शून्यापासून चारपर्यंत. त्याचं मराठी कुणा फार शुद्ध बोलणाऱ्या माणसानं केलेलं असावं. "सपाट पृष्ठभागावर घाईने चालताना अथवा किंचित चढण चढताना धाप लागते." पहिल्याच आठवड्यात मी हे वाक्य शिरूर अनंतपाळहून आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं आदरानं टोपी काढून मांडीवर ठेवली, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लई चांगलं बोलायलाव मॅडम. पर मी काय करू ते सांगा."

मग मी माझ्या मनानं सुधारणा करायला लागले. आमच्या भागात चढ शोधायला जावं लागतं. म्हणून औशाच्या एका माणसाला मी हुशारीनं विचारलं, "किल्ला चढताना दम लागतो का?" तो म्हणाला, "मॅडम, आमचा किल्ला भुईकोट हाय. खोलगटात हाय. तिथं उतरावं लागतं." मी नांदेडची. मला किल्ला म्हटलं की शाळेच्या पुस्तकातला डोंगरच दिसायचा. त्या दिवसापासून मी जिन्याचं विचारते.

चालून झाल्यावर आणखी एक आकडा घ्यायचा असतो. शून्य म्हणजे दम बिलकूल नाही, दहा म्हणजे आता सोसवत नाही. दहाचं माप शहरातल्या माणसांना जमतं, त्यांना सगळ्याला मार्क द्यायची सवय असते. खेड्यातली जुनी माणसं आण्यांत बोलतात. "बारा आणे दम लागला." "आठ आणे असंल, जास्ती न्हाई." सुरुवातीला मी हिशेब करून बारा आण्यांचे साडेसात लिहायची. डॉक्टरांनी विचारलं, ही अर्धी धाप कुठून आली? मग मी आठ लिहायला लागले. अशा रीतीनं लातूर जिल्ह्यातल्या बऱ्याच जणांचा दम मी अर्ध्या आकड्यानं वाढवून ठेवलेला आहे.

हे सगळं सांगायचं कारण औशाचे एक नवरा-बायको. त्यांनी माझं मोजमाप एका दुपारी पार निकालात काढलं.

नवऱ्याची पिठाची गिरणी होती, शेजारच्या खोलीत मिरची कांडपाचं मशीन. साठीचे गृहस्थ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरंशुभ्र धोतर, आवाज खणखणीत. मी त्यांना आप्पा म्हणायची. दर दोन महिन्यांनी ते यायचे आणि प्रत्येक वेळी त्यांची पायरी चारच असायची, सगळ्यात वरची. वरची पायरी सांगितली की नंबर लवकर लागतो, हे त्यांनी पहिल्या दोन खेपांतच हेरलं होतं. "मॅडम, घराबाहेर पाऊल टाकणं होत न्हाई," असं ते मला सांगायचे. बसस्टँडपासून दवाखान्यापर्यंत चालत आलेले असायचे.

त्यांच्यासोबत बायको यायची. मी त्यांना मावशी म्हणायची, पण अगदी खरं सांगायचं तर तीन वर्षांत मी त्यांच्याशी चार वाक्यंही बोलले नव्हते. त्यांच्या एका हातात आप्पांची फाईल, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, डबा, आप्पांचं जास्तीचं उपरणं. फॉर्मवर "सोबत आलेली व्यक्ती" असा एक रकाना असतो. त्यात मी दर वेळी "पत्नी" लिहायची. व्यवसायाचा रकाना सोबतच्या माणसासाठी नसतो. असता तर मी न विचारता "घरकाम" लिहून मोकळी झाले असते.

त्या दिवशी आप्पांची सहा मिनिटांची चाल घ्यायची होती. आमच्या वरच्या मजल्यावर तीस मीटरचा व्हरांडा आहे. दोन टोकांना दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवायच्या आणि पेशंटनं सहा मिनिटं त्यांच्यामध्ये आपल्या चालीनं येरझाऱ्या घालायच्या. किती मीटर झाले ते मोजायचं. सोबत कुणी चालायचं नाही, असा नियम आहे. पण आप्पा म्हणाले, "मधीच तहान लागली तर? ती बाटली घेऊन येऊ दे मागून." मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायचा कंटाळा केला.

आप्पा चालले. एका खुर्चीवरून वळताना त्यांनी बाकावर बसलेल्या एका ओळखीच्या माणसाला सोयाबीनचा भाव विचारला. चालताना बोलायचं नाही असाही नियम आहे. मावशी त्यांच्या मागं सात-आठ पावलांवर पिशवी घेऊन चालत होत्या. सहा मिनिटं झाली, मी थांबा म्हटलं. आप्पा खुर्चीत टेकले, डोळे मिटले, हात छातीवर ठेवला.

"किती दम लागला आप्पा? शून्य ते दहा."

"नऊ लिहा. दहाच सांगणार होतो, पर उगं खोटं कशाला बोला."

मी त्यांच्या बोटाला चिमटा लावला. रक्तात प्राणवायू किती आहे ते सांगणारं हे यंत्र आता कोरोनापासून घराघरांत माहीत झालंय. आकडा आला शहाण्णव. नऊ दम आणि शहाण्णव, हे काही केल्या जमेना. मला वाटलं, यंत्राची बॅटरी गेली. आता यंत्र तपासायचं तर ज्याला काही झालेलं नाही अशा कुणाच्या तरी बोटाला लावून बघायचं, ही साधी पद्धत. जवळ धडधाकट माणूस कोण होतं? मावशी. भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"मावशी, जरा बोट द्या."

त्यांनी काही न विचारता पिशवी खाली ठेवली आणि बोट पुढं केलं. आकडा आला चौऱ्याऐंशी.

झालं, मी मनात म्हटलं, यंत्र बिघडलंय याची खात्री पटली. त्यांचं बोट मिरचीनं लाल झालेलं, नखांच्या कडेला पीठ बसलेलं. त्यानंही आकडा चुकत असेल म्हणून दुसरं बोट घेतलं, रुमालानं पुसून. पंच्याऐंशी. मग मी चिमटा माझ्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव.

अकरा वर्षांत मला सगळ्यात जास्त लाज कधी वाटली असेल तर त्या दहा-बारा सेकंदांत. यंत्र ठीक होतं. मी मान वर करून पहिल्यांदा त्या बाईकडं नीट बघितलं. ओठ जांभळट. गळ्याच्या खाली, साडीच्या काठाजवळ, प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता. तोंड मिटलेलं. नाकातून, आवाज न करता, हळूहळू श्वास घेत होत्या. देवळात मागं उभं राहिलेल्या माणसानं अंग चोरावं तसं.

"मावशी, तुम्हाला दम लागतोय."

"न्हाई माय," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. एक श्वास घेतला. "चालले की. म्हणून."

मी त्यांना खुर्चीत बसवलं. आप्पांनी डोळे उघडले. "काय झालं?"

"मावशींचा प्राणवायू कमी दाखवतोय."

"तिचा?" आप्पांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "तिचा कसा? पेशंट मी हाय."

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लगेच तपासलं, एक्स-रे काढला आणि फुंकायला माझ्याकडे पाठवलं. मावशी दोन्ही हातांनी नळी धरून फुंकल्या. कागदावरचं वळण बघून मी परत फुंकायला लावलं, मग आणखी एकदा. तिन्ही वेळा तेच. निम्मीसुद्धा छाती चालत नव्हती. आणि आप्पांचं, त्याच दिवशी काढलेलं, वयाच्या मानानं बरंच बरं होतं. विड्या सोडल्या असत्या तर आणखी बरं झालं असतं.

आता त्यांच्या नावाचा नवा फॉर्म भरायचा होता. व्यवसायाच्या रकान्याशी या वेळी मी पेन थांबवलं आणि विचारलं.

"घरीच असती," आप्पा म्हणाले.

"गिरणीत कोण असतं मग?"

"मी असतो की. गल्ल्यावर. वजन करून घ्यायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं."

"आणि आत? दळायला, मिरचीला?"

आप्पांनी मानेनं बायकोकडं दाखवलं. "ते हीच बघती. आतलं."

आतलं म्हणजे तीस वर्षं. एक खोली, एक झरोका, त्यात पिठाचा आणि मिरचीचा खकाणा. सकाळ-संध्याकाळ घरी चूल. गॅस आला तोही भाकरीला चालत नाही म्हणून कोपऱ्यात. आयुष्यात विडीला हात न लावलेली ही बाई. मी रकान्यात "गिरणी" लिहिलं. आप्पांनी मान वाकडी करून वाचलं.

मग ते पाच प्रश्न. मी आप्पांना बाहेर बसायला सांगितलं.

"मावशी, सपाट रस्त्यावर घाईनं चाललं की दम लागतो?"

"घाई कशाची असती बाई मला?"

"बरं. तुमच्या वयाच्या बायकांपेक्षा हळू चालावं लागतं का?"

"ते कसं कळावं? मी मागंच चालते. लग्न झाल्यापासून."

मी पेन ठेवलं. हा प्रश्न ज्यानं कुणी लिहिला त्याची बायको बहुतेक त्याच्या बरोबरीनं चालत असावी.

"शंभरेक मीटर चाललं की थांबावं लागतं का? किंवा दोन-चार मिनिटं चालून?"

"थांबते की. वाटंत कुणी भेटलं की बोलत उभी राहते."

"तसं नाही. दमामुळं."

"दमासाठीच बोलत थांबते की," मावशी म्हणाल्या. "रस्त्यात नुसतं उभं राहिलं तर लोक काय म्हणतील?"

मग हळूहळू, मधे मधे थांबत, त्यांनी मला जे सांगितलं ते मी आजपर्यंत कुठल्याही फॉर्मवर लिहू शकलेले नाही. त्यांच्या घरापासून महादेवाच्या देवळापर्यंत एकच गल्ली आहे. पूर्वी त्या ती एका दमात जायच्या. सहा-सात वर्षांपूर्वी मधल्या पिंपळापाशी छाती भरून यायला लागली. तिथं एका बाईचं घर होतं. मावशी तिच्या दारात थांबायच्या आणि विचारायच्या, "सून कशी हाय?" एवढं विचारलं की पुढं पाच मिनिटं आपण काही बोलायचं कारण उरत नाही. ती बाई बोलायची, मावशी मान हलवत श्वास घ्यायच्या. नंतर पिंपळाच्या अलीकडे आणखी एक घर लागायला लागलं. तिथल्या बाईला गुडघ्याचं विचारायचं. मग आणखी एक. "आता तिसऱ्या घरीबी थांबावं लागतं. त्येंचं पोरगं पुण्याला हाय. त्येचं विचारलं की लई वेळ मिळतो."

गल्लीत या बाईची ख्याती होती. सगळ्यांची विचारपूस करणारी, माणसं धरून ठेवणारी. कुणाच्याही घरी मंगळागौर असो की डोहाळजेवण, पहिलं बोलावणं यांना. खरं म्हणजे ही बाई सात वर्षं एका गल्लीत स्वतःची सहा मिनिटांची चाल घेत होती. खुर्च्यांच्या ऐवजी शेजारणी ठेवल्या होत्या, एवढंच. आणि तिचा हिशेब माझ्यापेक्षा चोख होता.

शेवटचा प्रश्न राहिला होता. कपडे घालता-काढताना दम लागतो का. मावशी पदराआड हसल्या. "निम्मं लुगडं उभ्यानं नेसते, निम्मं बसून." मी चार लिहिलं. अकरा वर्षांत लिहिलेला हा पहिलाच चार असेल ज्याच्याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

औषधं सुरू झाली. पंप कसा ओढायचा ते मी शिकवलं. आप्पांनी शेजारी बसून लक्ष देऊन ऐकलं आणि शेवटी मला विचारलं, "हे मला का दिलं न्हाई आजवर?" डॉक्टरांनी मावशींना पिठापासून आणि धुरापासून लांब ठेवा म्हणून बजावलं. निदान महिनाभर गिरणीत पाय ठेवायचा नाही. आप्पा विचारात पडले. बायकोची काळजी वाटत होती हे खरं. दुसऱ्या दिवशी दळण कोण दळणार याचीही वाटत होती. कुठली जास्त, ते शून्य ते दहामध्ये मी विचारलं नाही.

तोडगा असा निघाला की मावशींनी महिनाभर नांदेडला लेकीकडं जायचं. माझं माहेर नांदेडचंच, आणि मी दर पंधरा दिवसांनी शनिवारी जाते, म्हणून त्यांच्या लेकीनं माझा नंबर घेतला. दुसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला. "मॅडम, आई लई आजारी झालीय हो इथं आल्यापासून. तुम्ही येऊन बघता का?"

मी शनिवारी गेले. पंप नीट ओढत होत्या, पायांवर सूज नव्हती. चिमटा लावला, बसल्या जागी एक्क्याण्णव. दवाखान्यात आलं होतं त्यापेक्षा बरंच होतं. "आजारी काय झाल्या?" मी लेकीला विचारलं.

"अहो, चार पायऱ्या चढली की थांबते. घामाघूम होते. औशात असं कधीच नव्हतं. तिथं तर देवळात जायची, सगळ्या गल्लीत फिरायची."

लेकीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. मी मावशींना घेऊन खाली गेले आणि परत वर चढले, त्यांच्या चालीनं. पहिल्या मजल्यावर त्या थांबल्या. दोन फ्लॅट, दोन्ही दारं बंद, दोन्हीला लोखंडी जाळी, एका जाळीवर "कुत्र्यापासून सावध राहा" अशी पाटी. दुसऱ्या मजल्यावर तेच, फक्त कुत्रा नाही. मावशी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. विचारायला कुणी नव्हतं. वरून खाली जाणाऱ्या एका बाईनं "बरं नाही का आजींना?" असं माझ्याकडं बघून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

"बघितलंव का?" मावशी म्हणाल्या. "इथं मी आजारी हाय."

लेकीला मी समजावून सांगितलं. ती रडली. तिला वाटलं होतं, आई तिच्याकडं येऊन आजारी पडली. मावशी तिला म्हणाल्या, "रडू नको. गल्लीत सांगू नको म्हंजे झालं."

महिनाभरानं त्या औशाला परतल्या. इकडं आप्पांनी आतल्या कामाला एक माणूस ठेवला होता. चाळिशीचा, रेणापूरकडचा, अंगानं दणकट. त्यानं पहिल्या दिवशी तासभर काम केलं, बाहेर आला आणि म्हणाला, "मालक, इथं माणूस कसा काम करतो?" दोन दिवसांत त्यानं तोंडाला बांधायला चांगला मास्क मागितला. आठवड्यानं हवा बाहेर फेकणारा पंखा मागितला, नाहीतर निघालो म्हणाला. आप्पांनी पंखा बसवला. भिंत फोडून मोठी खिडकीही काढली. हे सगळं आप्पांनी मला मोठ्या अभिमानानं सांगितलं, माणसांची काळजी घ्यावी लागते मॅडम, म्हणून. मावशी शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या दवाखान्याच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"पंखा चांगला हाय," एवढंच म्हणाल्या.

तो माणूस पंखा बसवल्यावरही चौथ्या महिन्यात काम सोडून गेला. मग आप्पाच आत जायला लागले, आणि पुढच्या खेपेला पहिल्यांदाच त्यांनी चारच्या ऐवजी दोन सांगितलं. मी विचारलं, बरं वाटतंय का? तर म्हणाले, "न्हाई. आता खरंच लागतोय दम. म्हणून नीट सांगायलोय." त्या दिवशी त्यांनी विडीचं बंडल माझ्या कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. दोन महिन्यांनी परत सुरू केली, पण तेही नीट सांगितलं.

मावशींना मी आठवड्यातून दोनदा बोलवायची. ओठ चंबूसारखे करून, दिव्याची ज्योत हलवावी पण विझवू नये तसा श्वास सोडायचा, पायांचे व्यायाम करायचे, रोज थोडं थोडं जास्त चालायचं. ही छाती पूर्वीसारखी होत नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण धूळ थांबली, चूल थांबली, पंप नेमानं ओढला, पाय भक्कम झाले की आहे त्या छातीत बरंच भागतं. त्यांचं भागायला लागलं. सहा महिन्यांनी त्या घरापासून देवळापर्यंत न थांबता जायला लागल्या. मला केवढा आनंद झाला. फॉर्मवर चारच्या जागी दोन लिहिलं, डॉक्टरांना नेऊन दाखवलं. डॉक्टर खूश.

मावशी मात्र त्या खेपेला जरा पडेल चेहऱ्यानं आल्या.

"काय झालं मावशी? बरं वाटत नाही का?"

"बरंच वाटायलंय." मग म्हणाल्या, "गल्लीत लोक नाराज हायती."

पहिल्या घरची बाई म्हणाली होती, दवाखान्यात जायला लागल्यापासून हिला गर्व चढलाय. दुसऱ्या घरच्या बाईनं पोरीच्या डोहाळजेवणाला बोलावलंच नाही. तिसऱ्या घरची तर समोरून आली तरी मान फिरवायची. तिचं पुण्याचं पोरगं दिवाळीला येऊन गेलं आणि यांनी विचारलंसुद्धा नाही. इतकी वर्षं दारात थांबणारी बाई आता ताठ मानेनं सरळ निघून जाते, याचा अर्थ गल्लीनं गल्लीच्या पद्धतीनं लावला होता.

"मग थांबायचं की दोन मिनिटं," मी म्हटलं.

"आता थांबून काय करू?" मावशी माझ्याकडं झुकून हळूच म्हणाल्या, "खरं सांगू का माय? मला त्येंच्या सुनांचं कधीच काही पडलेलं नव्हतं."

यावर काय औषध द्यायचं ते मला शिकवलेलं नाही. तरी मी सल्ला दिला. आठवड्यातून दोनदा तरी थांबा, व्यायामाचाच भाग समजा. त्यांनी तो मानला. मंगळवार आणि शुक्रवार ठरवून घेतले. गल्ली हळूहळू निवळली, असं आप्पांनी सांगितलं. पुण्याच्या पोराचं लग्न ठरलं तेव्हा मावशींना पत्रिका आली.

त्या चिमट्याच्या प्रसंगानंतर मी एक सवय लावून घेतली आहे. पेशंटबरोबर जो कुणी येतो, त्याचंही बोट मागते. डॉक्टर आधी कुरकुरले, वेळ जातो म्हणून. मग अशाच आणखी दोन बायका आणि एक सासरा सापडला, तेव्हा गप्प बसले. आता ते विनोदानं मला विचारतात, आज पेशंट किती आणि पिशव्या धरणारे किती.

गेल्या महिन्यात मावशी आल्या त्या एका दुसऱ्या बाईला घेऊन. त्याच पिंपळाजवळच्या घरातली, सुनेचं सांगणारी. मावशींनी तिला माझ्यासमोर खुर्चीत बसवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला बघा. ही रस्त्यात लई थांबती आजकाल. प्रत्येकाच्या दारात. मला सगळं कळतं."

मी त्या बाईचं बोट घेतलं. सत्त्याण्णव. व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं. मावशी एका टोकाला खुर्चीत बसून डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. बाई न थांबता चालली, शिवाय चालता चालता तिनं मला स्वतःच्या सुनेबद्दल सगळं सांगितलं. नियम मोडून मी ऐकलं. परत चिमटा लावला, शहाण्णव. नळीत फुंकायला लावलं, तर मशीननं इतकं सुरेख वळण काढलं की तसं मी बरेच महिने बघितलं नव्हतं.

"काहीच नाही हो यांना," मी मावशींना सांगितलं. "ठणठणीत आहेत. नुसत्या बोलक्या आहेत."

मावशींना ते पटलं नाही. "परत एकदा बघा," त्या म्हणाल्या. "इतकं कुणी उगंच बोलत नसतं."